सहा चौकोनांची राखण

अशा गोष्टी एकेकट्या येत नाहीत. एक सांगितली की दुसरी मागे येऊन उभी राहते, आणि मग वळून बघायची हिंमत होत नाही!

दिल्लीत राज्यशास्त्र शिकून मी किन्हवलीजवळच्या आमच्या वाडीत परतले, ते संविधान घरोघरी पोचवायचंच या जिद्दीने. पहिल्याच रविवारी समाजमंदिराच्या अंगणात चुन्याने सहा चौकोन आखले. डावीकडे मुंबई म्हणजे राज्य, उजवीकडे दिल्ली म्हणजे केंद्र. दोन्हीकडे तीन-तीन : कायदा करणारे, तो राबवणारे, न्याय देणारे.

"आखलंस, पन राखण दिलीस का?" कमळीकाकूने विचारलं. आमच्याकडे नवी हद्द आखली की राखणदार देवाला तांदूळ ठेवतात. काकूने सहाही चौकोनांत मूठमूठ ठेवले.

सोमवारी बघते, तर राबवणाऱ्यांचे दोन्ही चौकोन साफ! बाकी चारांत दाणा हललेला नाही. मातीवर ना कोंबडीचा पाय, ना मुंगी.

"कोर्टाला टाइम लागतो गो," काकू म्हणाली.

* * *

मग वाडीतल्यांना घेऊन या सरकारांचंच नाटक बसवलं. बुध्यादादा मुख्यमंत्री, काकू राष्ट्रपती. राज्यपाल व्हायला कोणी तयार होईना. "अहो, त्यांच्या सहीशिवाय राज्याचा कायदा होत नाही!" म्हणत मीच खांबाजवळच्या रिकाम्या घोंगडीवर बसले.

घोंगडी गरम होती.

"बाय, ऊठ," दादा हळूच म्हणाला. "तिथं बसलेत."

मी उठले. दादाने घोंगडीकडे पाहून मान डोलावली. "झाली सही."

* * *

"हायकोर्टाच्या वर सुप्रीम कोर्ट," मी सांगितलं.

"आन् त्याच्या वर?" दादाने विचारलं.

"कोणी नाही!"

सगळे डोंगरावरच्या वाघोबाच्या देवळाकडे बघायला लागले. वाडीतली कुत्री एकदम गप्प झाली.

"असं मोठ्यानं बोलू नको," काकू म्हणाली.

* * *

वाडीतल्या हिराबाईचं मात्र नाटक नव्हतं. तिचं नाचणीचं रान जंगलाच्या हद्दीत. वनहक्काचा कायदा दिल्लीचा, दावा तपासणारी समिती राज्याची. जुन्या माणसाची साक्ष नाही म्हणून दावा एकदा परत आलेला. साक्ष देऊ शकणारे सासरे गेल्या वर्षी वारले. या वेळी साक्ष मिळाली नाही, तर रान गेलं.

भर दुपारी तपासणीचे साहेब उपग्रहाचे दोन फोटो घेऊन आले. एक जुना, एक यंदाचा. दोन्हींत बांधावर त्याच जागी पांढरा ठिपका.

"सासऱ्यांचं पागोटं," हिराबाई म्हणाली.

"दगड असेल हो, बाई!" साहेब हसले.

आम्ही बांधावर गेलो. दगड नव्हता. दोन पावलांपुरतं गवत दबलेलं होतं. आमच्या डोळ्यांदेखत ते आणखी दबलं.

साहेबांनी पंचनामा काढला, शाईचा पॅड उघडला आणि बांधाकडे तोंड करून म्हणाले,

"बाबा, डावा अंगठा!"