कुलपाआडचं जातं

बारा हंगाम मी पश्चिमेकडच्या सहकारी साखर कारखान्यांवर ऊस तोडला. पुढं तोडकऱ्यांची संघटना बांधली, संप केला आणि त्याच नावावर पंचायत समितीला उभा राहिलो.

निवडणूक नेमकी हंगामात आली, त्यात दुष्काळ. नांदूरघाटाकडच्या माझ्याच गावात भर दुपारी प्रचाराला गेलो, तर दारोदार कुलपं. कुत्रीसुद्धा ऊसतोडीच्या टोळ्यांमागं गेलेली. कर्ण्यातला माझाच आवाज भिंतींवर आदळून परत यायला लागला, तसा मी तो बंद करायला लावला.

आणि जात्याची घरघर ऐकू आली.

कुलूप लावलेल्या एका घरातून येत होती. घर माझ्या जुन्या टोळीतल्या तोडकऱ्याचं. तो बायकोसकट उसाच्या फडात आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. कार्यकर्ते मागं सरकले. मी दाराच्या फटीला डोळा लावला. आत त्याची आंधळी आई रिकामं जातं फिरवत होती.

"आलास व्हय रं?" ती म्हणाली. "पट्टा पडला का कारखान्याचा?"

पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, अजून दोन महिने होते. माझ्या तोंडून गेलं, "पडला."

ती सरपटत दाराशी आली. फटीतून हात काढून माझा तळवा चाचपत राहिली. त्या उन्हातही तिची बोटं गार होती.

"घट्टे कुठं गेले?" मग हात झटकला. "तू माझा न्हाईस."

गावात मागं राहिलेला शेजारचा म्हातारा काठी टेकत आला. "मोकळी सोडली की कोरड्या हिरीत उतरती, पाणी आणते म्हणून. भाकर आमी खिडकीतून देतो."

"कुलूप तोडू का?"

"तोडा की. मग सांभाळायला तुमी राहता का हितं?"

मला अजून चार गावं करायची होती. मी निघालो.

मतदानाला ट्रक भरभरून माणसं आली. त्या दिवशी तिचं दार उघडं होतं. मी पायाशी वाकलो, तशी ती लेकाला म्हणाली, "ह्याच्याशी बोलू नको. हा तुझा आवाज घेऊन आलता."

तो हसला. मला हसता आलं नाही.

निवडून आलो. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी गावोगाव माणूस नेमायचा ठराव मी मांडला, तो मंजूरही झाला. पण आमच्या गावात माणूस येण्याआधीच ती गेली. लेक फडातून पोहोचला नव्हता. खांद्याला मी, माझा ड्रायव्हर आणि दोन म्हातारे. स्मशानापर्यंत जाताना म्हातारे दोनदा खाली बसले.