मावशीच्या मशीनचा दुसरा पत्ता

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात पंचशीलामावशीबद्दल एक बातमी फिरत होती, की तिला मेलेल्या नवऱ्याचा रोज सकाळी मेसेज येतो. बातमी बेबीकाकूंनी सोडलेली. विहारात त्या मावशीच्या शेजारी बसल्या होत्या, मावशीच्या मांडीवरचा फोन उजळला आणि काकूंनी चष्मा न लावता वाचून घेतलं. पाठवणारा बुद्धरत्न, मजकूर 'जिंदा हूं भिया'.

"अगं, माझ्या तर हाताला मुंग्याच आल्या," काकू घरोघर सांगायच्या, आणि 'मुंग्या' म्हणताना त्यांचा आवाज पिपाणीसारखा वर जायचा. "अन् ही बाई हललीसुद्धा नाही. फोन पालथा केला, बस."

मेसेज येत होता हे खरं. पण नवरा पाठवत नव्हता, एक डबा पाठवत होता.

बुद्धरत्न म्हणजे माझे मौसाजी. ते आणि मावशी एकाच लहानशा ऑफिसात कामाला. महू, बडवाह, सनावद असल्या गावांतल्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या यंत्राला हे लोक एक डबा जोडतात. डबा रिपोर्ट इंदूरच्या सर्व्हरला पाठवतो, सर्व्हर डॉक्टरच्या फोनवर. मौसाजी मोटरसायकलवर फिरून डबे बसवायचे, मावशी सर्व्हर सांभाळायची. सकाळी लॅब उघडली की डबा सर्व्हरला एक हाक देतो, मी चालू आहे म्हणून, आणि ती हाक मावशीच्या फोनवर दिसते. बाकी लोक तिथे 'ओके' लिहितात. मौसाजींनी 'जिंदा हूं भिया' लिहिलं, भैयाला इंदुरात भियाच म्हणतात, पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव टाकलं, आणि सर्व्हरचा पत्ता, म्हणजे आयपीचे आकडे, प्रत्येक डब्यात पक्के बसवून टाकले.

"उद्या पत्ता बदलला तर?" मावशीने तेव्हा विचारलं होतं.

"तर मी जाईन ना एकेका गावी. तेवढीच तिथली कचोरी."

मागच्या उन्हाळ्यात मौसाजी गेले. बडवाहहून परत आले, हातपाय धुवायला मोरीत गेले, तिथेच हार्ट.

मला कुणाचाही आवाज काढता येतो. बेबीकाकू, भाजीवाला, कॉलेजचे प्रिन्सिपल, सगळे. मावशीचा येत नाही. मौसाजी गेल्यापासून तिच्या बोलण्यात पकडायला काही उरलंच नाही. पोहे कसे झालेत? "बरे." झोप लागली? "हो." दोन्हीचा सूर एकच, जणू पलीकडच्या खोलीत कुणीतरी वाचून दाखवतंय. आणि मौसाजींचा आवाज मला सगळ्यात छान यायचा, तो मी काढायची बंद झाले. कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी जुना सर्व्हर बंद पडला. मी कॉलेजातून मावशीला टिफिन द्यायला गेले होते. ऑफिसचे सर यशवर्धनजी पुण्याहून आलेले, त्यांचं प्रत्येक वाक्य 'मुळात'पासून निघतं. "मुळात, पंचशीलाताई, नवीन सर्व्हर तयार आहे. मुळात अडचण अशी की त्याचा पत्ता वेगळा आहे." तिकडे बडवाहचा फोन वाजतच होता. "मैडम, डेंगू के पेशेंट बैठे हैं, रिपोर्ट जाइज नी रिया."

रिपोर्ट जातच नव्हते. डबे जुन्याच पत्त्यावर हाका मारत होते आणि तिथे कुणी नव्हतं.

मावशीने टिफिन बाजूला सरकवला आणि नवीन मशीनवर एक ओळ टाईप केली.

"काय केलंस?"

"जुन्याचा पत्ता यालाच दिला."

"याला स्वतःचा आहे ना?"

"आहे. तो पहिला, हा दुसरा. तार एकच, नेटवर्क कार्ड एकच. चालतं."

मला ते लगेच पटलं. घरी मला पिंकी म्हणतात, कॉलेजात हजेरीला दुसरंच नाव असतं, मी दोन्हीला 'हां' म्हणते, तोंड तर एकच आहे. तेवढ्यात मावशीचा फोन उजळायला लागला. जिंदा हूं भिया. जिंदा हूं भिया. गाव बदलत होतं, मजकूर तोच. मावशीने फोन पालथा केला आणि टिफिन उघडला.

मग थंडीत एकदा लाईट गेली, बॅटरीनेही हात टेकले, मशीन बंद होऊन परत सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उजळलाच नाही. मावशीने फोनकडे पाहिलं, पोह्यांकडे पाहिलं, परत फोनकडे. बशी तशीच ठेवली आणि स्कूटरची चावी न घेता पायी निघाली. मी चावी घेऊन मागे.

"हाताने दिलेला पत्ता," स्क्रीनसमोर बसून ती म्हणाली. "मशीन रीस्टार्ट झालं की विसरतं. सेटिंगच्या फाईलमध्ये लिहायला हवा होता."

"मग लिहिला का नाहीस? तू तर दुसऱ्यांना रागावतेस यावरून."

"वाटलं, थोड्याच दिवसांचं आहे."

तिने पत्ता फाईलमध्ये लिहिला. फोन उजळला.

तोवर नवा मुलगा हरी गावोगाव जाऊन डबे बदलायला लागला होता. नवे डबे 'ओके' म्हणतात, तेही नव्या पत्त्याला. जुन्या हाका एकेक करून कमी झाल्या. शेवटी बडवाहची तेवढी उरली. यशवर्धनजी म्हणाले, "मुळात, तो जुना पत्ता मला दुसऱ्या कामाला हवाय. बडवाह झालं की काढून टाका."

"बरं," मावशी म्हणाली.

घरी जाताना मी स्कूटरवर मागून म्हटलं, "तू नाही काढणार."

"काढेन."

"शर्त लाव. हरलीस तर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत मी बोलेन ते खाऊ घालायचं."

"अन् तू हरलीस तर?"

"तू सांग."

सिग्नल सुटला, तिने स्कूटर पुढे काढली. मग त्याच सुरात म्हणाली, "त्यांचा आवाज काढायचा. इतके दिवस काढला नाहीस."

मी हो म्हटलं. जिंकणार याची मला खात्रीच होती.

बडवाहहून हरीचा फोन आला, "मैडम, लग गया." दुसऱ्या सकाळी फोन काळाच राहिला. मावशीने त्या दिवशी पत्ता काढला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी मनातल्या मनात सराफ्यातलं गरमागरम तळलेलं गराडू मागवून बसले होते. ती काय करते ते बघायला टिफिन घेऊन गेले, तर तिने जुन्या पत्त्यावर पहारा लावून ठेवला होता. कुणी हाक मारली की स्क्रीनवर ओळ उमटणार. स्क्रीन कोरी.

"कुणाची वाट बघतेस?"

"एखादा डबा राहून गेला असेल तर. पेशंट अडकायला नको."

त्या आठवड्यात कुणाचीच हाक आली नाही. शनिवारी दुपारी तिने एक ओळ टाईप केली. पत्ता गेला. मशीन चालूच राहिलं, पंख्याचा आवाजही बदलला नाही. मग तिने फाईल उघडली आणि तिथूनही तो खोडला.

"तिथून कशाला?"

"नाहीतर रीस्टार्टला परत येईल."

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "हं. काढ."

मी घसा साफ केला. मग मौसाजींचा घोगरा, नाकातून निघणारा आवाज लावला आणि म्हटलं, "जिंदा हूं भिया."



"भियावर एवढं थांबायचे नाहीत ते," मावशी म्हणाली. "घाईत असायचे. परत म्हण."

मी परत म्हटलं.