निळीचा रांजण

नेरळच्या बाजारामागे सफुराच्या पडवीत निळीचा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता. त्याचा वास अख्ख्या गल्लीला माहीत. नवखा माणूस नाकाला रुमाल लावूनच आत यायचा, आणि सफुरा त्याला दटावायची, “नाक मुरडू नका, नील रुसते.” त्यांच्या बोलीत ‘ळ’चा ‘ल’ व्हायचा.

रांजण लावला होता तिच्या नवऱ्याने, झाकीरने. जुन्या निळीचं पाणी विरजणासारखं नव्या निळीत घालत त्याने ती जिवंत ठेवली आणि त्याच्यामागे सफुराने. एकोणीस वर्षांत नीळ एकदाही मेली नव्हती. नीळ आंबते, म्हणून रंग धरते. आंबूसपणा वाढला की चुना द्यायचा, मंदावला की गूळ. माप कसलंच नाही, सगळा कारभार नाकाचा. झाकीर रोज सकाळी बायकोला रांजणापाशी न्यायचा आणि म्हणायचा, “हा आजचा वास. ध्यानात ठेव.” एवढीच त्याची शिकवणी.

कर्जतच्या सुचेताताई तिच्याकडे सेंद्रिय कापसाचं हातमागाचं कापड रंगवायला आणायच्या. त्यांच्या कपड्यांना लावलेल्या चिठ्ठीवर ‘स्लो फॅशन’ असं छापलेलं असायचं. अर्थ कळल्यावर सफुरा पोट धरून हसली होती. “काम हलू केलं की सुनेला बोलणी बसतात, आणि तुमच्याकडं त्याचं कौतुक!”

मग थंडीत तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. चुलीवर सुकट जळून कोळसा झाली तेव्हा तिला ते उमगलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. सफुराने कुणापाशी चकार शब्द काढला नाही. नाक नसलेली निळवाली, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? ती रोज रांजणावर वाकायची, मान डोलवायची आणि अंदाजाने चुना नाहीतर गूळ टाकायची. खोटं स्वतःशीच असलं की माणूस फार सराईतपणे बोलतं. चार-पाच महिने नशिबाने निभावलं.

आषाढात अंदाज फसला. फेस विरळ दिसला म्हणून तिने गूळ घातला, दुसऱ्या दिवशी आणखी घातला. कापड रांजणातून हिरवं निघून हवेत निळं व्हायला हवं. ते मळकट निघू लागलं. आभाळ भरलंय, उजेड नाही, अशी तिने मनाची समजूत काढली आणि सुचेताताईंचा अख्खा तागा बुडवला. खळबळल्यावर सगळी निळाई पाण्याबरोबर वाहून गेली. हातात उरलं फरशी पुसायचं फडकं.

सुचेताताई आल्या, रांजणावर वाकल्या आणि झटकन मागे सरल्या. “भाभी, हे सडलंय हो! तुम्हाला कळलं कसं नाही?”

सफुराची मान खाली गेली. “वासच येत नाय मला. थंडीपासून.”

दारात उभ्या असलेल्या सुनेला, उझमाला, रडू फुटलं. “अम्मी, मला समजलं होतं! पंधरा दिवस झाले, वास बदललाय. पण मी नवीन. सासूच्या निलीला घाण येते, असं कसं बोलायचं?”

सफुराच्या अंगाचा तिळपापड झाला, पण राग लगेच विझला. रागवायचं कुणावर? एक लाजेपायी गप्प, दुसरी अदबीपायी. एकाच छपराखाली दोघी मूग गिळून बसल्या, आणि मधल्यामधे झाकीरची नीळ मेली. तो गेला तेव्हाही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

सुचेताताईंनी तो तागा गुंडाळून उचलला. “नवी लावा, तोवर कापडासाठी थांबते मी,” एवढं म्हणून गेल्या.

दोन दिवसांनी उझमाने रांजण घासून कोरडा केला आणि सासूसमोर येऊन बसली. “अम्मी, हात तुमचा, नाक माझं. पण मी आले थंडीनंतर, अंदाजाचीच निली हुंगली. चांगल्या निलीचा वास कसा असतो, तेवढं फक्त सांगा.”

सफुराने तोंड उघडलं. “आंबट... तसा आंबट नाय. गोठ्यासारखा... नाय, तसा पण नाय.”

उझमा उठली. आतून ताक, भिजलेलं गोणपाट, गुळाचा खडा, जे सापडलं ते घेऊन आली. एकेक वस्तू हुंगत विचारू लागली, “असा? का असा?” शेवटी तिने गूळ सासूच्या नाकाशी धरला. “निदान ह्याच्याजवळचा?”

सफुराने तो खडा हातात घेतला. खूप वेळ नाकाला लावून बसली.

“गुलाचा वास कसा असतो गं?” ती म्हणाली. “आधी तू मला ते सांग.”