अपक्षाची आई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतोय? मन खातं, एवढंच.

आजोबा सरपंच, वडील सभापती. मांजरीच्या बाजूचं आमचं गाव महापालिकेत आलं, तेव्हा पक्षाचं तिकीट थोरल्या भावाला मिळणार हे ठरलेलंच होतं. पण उसाच्या रानांत आता सोसायट्या उठल्या होत्या आणि तिथले आयटीवाले घराणेशाहीला नाकं मुरडायचे. त्यांची मतं एकगठ्ठा विरोधकाकडे जाऊ नयेत — मग ती फोडणार कोण? मी. मी बंडखोर झालो, अपक्ष. चावडीसमोर, चारचौघांत, आम्ही भावांनी एकमेकांची गचांडी धरली. कोणी काय बोलायचं ते वडिलांनी आदल्या दिवशीच ठरवून दिलं होतं. लगेच मी सोसायटीत वेगळं बिऱ्हाड केलं.

आईला मात्र सांगितलं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं वडील म्हणाले. आम्ही हसलोसुद्धा.

तिचं रडणं बघून गावाची खात्री पटली. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "दोघं एका पंगतीला बसल्याबिगर मी ग्वाड खायची न्हाई."

आणि निवडून आलो मीच! खुर्ची घरातच राहिली म्हणून वडीलही खूश. तेव्हा तरी आईला सांगता आलं असतं. पण घराण्याला लाथ मारून आलेला माणूस — एवढंच तर माझं भांडवल होतं. भाऊ आणि मी हायवेवरच्या हॉटेलात गुपचूप भेटायचो, पोटभर जेवायचो, वर गुलाबजाम मागवायचो. आणि घरी आई बिनसाखरेचा चहा प्यायची. दिवाळीत सगळ्यांना करंज्या वाढून स्वतः भाकरी खायची. नव्या सुनांना वाटायचं, सासूबाईंना शुगर आहे. मला माहीत नव्हतं का? होतं. तीन निवडणुका माहीत होतं. मी नीच वागलो.

तिच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो. खोलीत आम्ही दोघंच. तिने माझा हात धरला — पकडीत जीव नव्हता.

"मिटलं का रं तुमचं?"

एक शब्द पुरला असता. पण प्रचार सुरू झाला होता, खाली गाडीपाशी कार्यकर्ते थांबले होते, आणि ती कुणापाशी बोलली असती तर —

"नाही," मी म्हणालो.

तिने हात सोडला नाही. मीच तो सोडवून घेतला.