सॅम्पलचं नाव सुहैल

रिपोर्टवर सही करून मी तो आमच्या मालकांसमोर, अबू सालेम यांच्यासमोर धरला. सॅम्पल: सुहैल. रिझल्ट: हायड्रोजन, ठळक. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. कारखान्याच्या अंगणात ट्रायपॉडवर माझा कॅमेरा अजून उभा होता. त्याचं तोंड कुठे आहे तेवढं त्यांनी बघितलं.

"मॅडम, ये सुहैल नहीं है."

जोसेफने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

आमचा कारखाना दुबईच्या पुढे, उम्म अल कुवैनमध्ये. ॲल्युमिनियमचं भंगार वितळवून नवे ठोकळे ओततात. मी तिथे लॅब इन-चार्ज. जोसेफ माझा असिस्टंट, केरळचा, माझ्याइतकाच जुना. आमचं मशीन म्हणजे स्पेक्ट्रोमीटर. धातूवर ठिणगी पाडायची आणि तिचा प्रकाश रंगांत फोडायचा. तांब्याच्या रेघा वेगळ्या, लोखंडाच्या वेगळ्या. रेघा बघून मालात काय मिसळलंय ते सांगायचं.

अबू सालेम यांना लॅब बंद करून सॅम्पल्स बाहेर पाठवायची होती. म्हणजे मी पुण्याला परत आणि जोसेफ केरळला.

"लाइट देखके मेटल बोलते हो," ते म्हणाले, "सही है, मुझे कैसे पता?"

मी चिडले. "सर, लाइट देखके तारे में क्या है, वो भी बता सकते हैं!"

"यल्ला, चलो, सुहैल का बताओ. जुनूब में है, बहुत चमकता है. सही बताया तो लॅब रहेगा."

जुनूब म्हणजे दक्षिण. जीभ सैल सोडली होती, आता निस्तरणं भाग होतं. माझा जुना कॅमेरा घेतला. खजुराच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची नळी केली. तोंडावर ग्रेटिंग लावलं, म्हणजे अतिबारीक रेघा असलेली पारदर्शक फिल्म. ती प्रकाशाचे रंग वेगळे करते. पहिल्या फोटोत नुसता पांढरा धूर आला. जोसेफने नळी आतून ॲल्युमिनियमच्या चकचकीत टेपने चिकटवली होती! टेप काढून आत काळा रंग दिला. मग तारा हळूहळू सरकू दिला, की त्याच्या रंगांची रुंद पट्टी उमटते आणि तिच्यात काळ्या रेघा दिसतात. चौथ्या संध्याकाळी हायड्रोजनच्या अशा झकास रेघा आल्या, की आम्ही दोघं लहान मुलांसारखे ओरडलो.

तारा कोणता? दक्षिणेला सगळ्यात जास्त चमकतो तो आपला व्याध. अरबीत त्यालाच सुहैल म्हणत असतील, असं मी ठरवून टाकलं. कोणाला विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवाचा माज, दुसरं काय!

"सुहैल इतना ऊपर कभी नहीं आता," अबू सालेम म्हणाले. "मेरे वालिद समंदर में उसको देखके रास्ता पकड़ते थे. हमेशा नीचे."

ते आम्हाला शेडच्या पलीकडे, मोकळ्या वाळूत घेऊन गेले. व्याधाच्या खाली, क्षितिजापासून थोडा वर, एक टपोरा तारा होता. चारही दिवस आमच्याच शेडने तो झाकला होता. मला हसू फुटलं.

"सर, ये तो हमारा अगस्त्य है! ये आया, मतलब बारिश खतम."

"हमारे यहाँ ये आया, गर्मी खलास," ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

जोसेफने कॅमेरा उचलून आणला. नव्या पट्टीत हायड्रोजनच्या रेघा बऱ्याच फिकट आल्या. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्यावर कोणीही सांगितलं असतं, हे दोन वेगळे तारे. मशीन पहिल्यापासून बरोबर होतं.

सकाळी मी स्वतःविरुद्ध एनसीआर भरला. काम चुकलं की आमच्याकडे हा फॉर्म भरावा लागतो. चूक: भलतंच सॅम्पल तपासलं. कारण: लॅब इन-चार्जने न विचारता नाव गृहीत धरलं. उपाय: आधी विचारणे. तो मालकांच्या टेबलावर ठेवला. आपल्याच हाताने आपला व्हिसा रद्द करतेय, असं वाटत होतं.

हा कागद मात्र त्यांनी शेवटपर्यंत वाचला.

"बाहर वाला लॅब अपनी गलती ऐसे लिखके देगा?"

"इन्शाल्ला, नहीं देगा," जोसेफ घाईघाईने म्हणाला.

अबू सालेम इतके हसले, की चहावाला डोकावून गेला. लॅब राहिली.

कॅमेऱ्याची ती नळी अजून लॅबच्या कपाटावर आहे. मशीनपुढे जे ठेवाल त्याचा ते बरोबर रिपोर्ट देतं. पुढे काय ठेवलंय हे विचारण्याचा पगार मला मिळतो.