सोनीच्या मापाची गाठ

दुसरीच्या वर्गाला सहायक क्रियापदं शिकवताना मी मुलांच्या गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या अडकवते. ‘धावू’ने ‘लागली’चा हात धरला की वाक्य पुरं होतं. दिवाळीनंतर हा खेळ पुन्हा मांडला, तेव्हा ‘धावू’ची पाटी घातलेली राधा हात लांबवून एकटीच उभी होती. तिची जोडीदार सोनी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली. मी सोनीची पाटी दुसऱ्या मुलीला घालू लागले.

“बाई, तिला ती बसणार नाही,” राधा म्हणाली.

खरंच, दोरीची गाठ सोनीच्या गळ्याच्या मापाची होती. मला ती सोडवेना.

कपाटात आधीच्या वर्षांच्या अशा सहा पाट्या आहेत. ती मुलं परतलीच नाहीत. कुठेतरी मोठी झाली असतील. त्या गाठींच्या मापाची मुलं मात्र माझ्या कपाटातच राहिली आहेत.