उखर्डूची ओळ आणि माझा जबाब

उखर्डू माझा जोडीदार होता. अमळनेरच्या एका प्रेसमध्ये आम्ही दोघांनी एकवीस वर्षं कापसाच्या गठाणी हलवल्या. तो साक्रीकडच्या एका कोरडवाहू गावचा. आधीची तीन भावंडं गेली म्हणून आईने जन्मताच त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव उखर्डू ठेवलं. म्हणायचा, मला देवाने नेलं नाही, कारण त्याला वास आला.

तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा होता. मी त्याला भाऊ म्हणायचो. त्याला अक्षर येत नव्हतं. मी सातवीपर्यंत शिकलो होतो आणि हे मी त्याला अधूनमधून जाणवू देत होतो.

आमचं काम आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. प्रेसमधून दाबून, बांधून निघालेली गठाण पावणेदोनशे किलोच्या आसपास भरते. ती आडवी पडते. दोघांनी दोन बाजूंनी लोखंडी आकडे रुतवायचे आणि एका दमात ओढून ती उभी करायची. एकाचा आकडा बसला नसताना दुसऱ्याने ओढलं तर गठाण फिरते आणि ओढणाऱ्याच्या पायावर येते. आमच्यातल्या जीवरामचा पाय तसाच गेला. प्रेसच्या आवाजात आणि उडत्या रुईत समोरच्याचा हात दिसत नाही. म्हणून पद्धत अशी की एकाने ओळ म्हणायची आणि दुसऱ्याने आपला आकडा बसला की त्या ओळीचं शेपूट उचलून जबाब द्यायचा. जबाब आला की ओढायचं. नाही आला तर थांबायचं, ओळ पुन्हा म्हणायची. जबाबाशिवाय पुढे जायचं नाही.

बाकीच्या जोड्या ‘हां रे’, ‘हो रे’ एवढ्यावर भागवत. उखर्डू ओळी जुळवायचा. रोज नव्या. मुकादमाच्या टोपीवर, पावसाने फसवलेल्या साक्रीवर, माझ्या लग्नावर. त्यातली चार ओळींची एक मला पाठ आहे.

बोंडमा व्हतं, हलकं व्हतं,
गठाणमा उनं, जड व्हयनं,
एकलाले ते डोंगर शे,
दोन जणसले गादी शे.

म्हणजे कापूस बोंडात हलका होता, गठाणीत आला तसा जड झाला, एकट्याला डोंगर आहे, दोघांना गादी आहे. पहिल्या ओळीवर मी ‘हलकं व्हतं’ म्हणायचो, दुसरीवर ‘जड व्हयनं’, तिसरीवर ‘डोंगर शे’, चौथीवर ‘गादी शे’. चार ओळींत चार गठाणी उभ्या. आम्ही दोघं दिवसाला इतर जोड्यांपेक्षा पंधरा-वीस गठाणी जास्त करायचो. त्यात ताकद माझी जास्त नव्हती आणि त्याचीही नव्हती. वेळ वाया जात नव्हता, इतकंच.

एकोणीसशे अडुसष्टच्या हंगामात आमच्या भागातल्या वाचनालयाने कवितेची स्पर्धा जाहीर केली. कविता स्वतःची हवी, कागद द्यायचा नाही, तोंडाने म्हणायची, तीन मिनिटं. कापडवाले हस्तीमलशेठ यांनी महाराजांची प्रवचनं भरून घ्यायला मुंबईहून टेपरेकॉर्डर आणला होता. मोठ्या चकत्यांचा, उचलायला एक माणूस लागेल असा. तो त्यांनी एका रविवारसाठी दिला. टेप धुळ्याला जाणार होती. तिथे तीन परीक्षक ती ऐकणार होते. नावं सांगायची नव्हती, फक्त नंबर.

वाचनालयाचे चिटणीस शालिग्राम मास्तर. मी त्यांच्याकडे रात्रवर्गाला जात असे. माझी कविता त्यांनी आधीच वाचली होती. तिच्यात बकुळ होती, सागर होता. मी दोन्ही पाहिले नव्हते. मास्तर म्हणाले होते, ‘सुकदेव, तू हमाल आहेस हे हिच्यावरून कोणी ओळखणार नाही.’ ते वाक्य मी आठवडाभर तोंडात घोळवलं.

उखर्डूचं नाव मीच दिलं. त्यात चांगुलपणा किती आणि आपल्यापुढे कोणीतरी साधं उभं असावं ही इच्छा किती, ते आता मोजता येत नाही.

रविवारी प्रेस बंद. हस्तीमलशेठच्या माडीवर पांढऱ्या गाद्या घातलेल्या. उखर्डूने खाली नळावर दोनदा पाय धुतले, तरी गादीवर बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचा नंबर नऊ, माझा दहा. शेठनी पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज टेपमध्ये उतरत होता.

मास्तरांनी उखर्डूला विचारलं, साथीला कोणी आहे का? चालतं.

त्याने माझ्याकडे बोट केलं. ‘हाऊ शे ना.’

मी म्हणालो, ‘मी नाही. माझी स्वतःची कविता आहे.’

उखर्डू हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतो. आम्ही प्रेसमध्ये तशी थट्टा रोज करायचो. आकडा बसलेला असूनही क्षणभर जबाब अडवून धरायचा, मग द्यायचा. तो मास्तरांना म्हणाला, करा चालू.

चकत्या फिरू लागल्या. त्याने आवाज प्रेसच्या अंदाजाने लावला. शेठनी कान दाबला.

‘बोंडमा व्हतं, हलकं व्हतं.’

आणि तो थांबला.

मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. जबाब माझ्या ओठांपर्यंत आला होता. एकवीस वर्षांतली पहिली नऊ तोवर झाली होती, त्यात माझा जबाब एकदाही चुकला नव्हता. पण माडीवर अमळनेरची शिकलेली माणसं बसली होती आणि पुढचा नंबर माझा होता. बकुळ आणि सागर म्हणायच्या आधी त्याच तोंडाने ‘हलकं व्हतं’ ओरडायचं मला जमेना. मी खोकलो. घसा साफ केल्यासारखं केलं.

त्याने ओळ पुन्हा म्हटली. थांबला. माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघितलं. हात मी मागे बांधले होते. त्याने तिसऱ्यांदा म्हटली, जरा हळू. चकत्या फिरत होत्या.

मास्तरांनी मशीन बंद करायला लावलं. म्हणाले, आठवत नसेल तर राहू द्या.

उखर्डू म्हणाला, ‘याद शे. पन जबाब नही उना.’

जबाब आला नाही, हे त्याचं वाक्य टेपमध्ये नाही. मशीन बंद झालं होतं. आणि मास्तरांना ते समजलं नाही. समजणारा तिथे मी एकटाच होतो. त्या वेळीही मी सांगू शकलो असतो, की थांबा, पुन्हा चालू करा, मी साथ देतो. वेळ गेली नव्हती. शेठची टेप संपली नव्हती. मी माझ्या नंबरावर उभा राहिलो आणि माझी कविता न अडखळता म्हटली.

महिन्याने निकाल आला. वाचनालयासमोर कर्णा लावून सगळ्यांची टेप ऐकवायचं ठरलं. हमाल आले, बाया आल्या. उखर्डूची बायको भिकुबाई नवं लुगडं नेसून आली, मुलगी बेबाबाईला कडेवर घेऊन. त्याने घरी काय सांगितलं होतं मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही.

नऊ नंबरची टेप लागली. कर्ण्यातून त्याचा आवाज रस्ताभर गेला. मग शांतता. शांततेत एक खोकला. पुन्हा ओळ, पुन्हा शांतता. मास्तरांनी परीक्षकांचा शेरा वाचला, ‘आवाज दणदणीत. पाठांतर नाही.’

लोक हसले. आमच्यातलाच छगन ओरडला, ‘घसामा रुई अटकनी का रे?’ उखर्डूही हसला. ज्याने हजारो ओळी केल्या आणि एकही विसरला नाही, त्याच्या नावावर तो शेरा लागला.

भिकुबाई हसली नाही. तिचं घर आणि माझं घर एका भिंतीचं. माझा खोकला ती रोज पहाटे ऐकत होती. तिने गर्दीतून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘भाऊ, तुमी तठेच व्हतात ना?’

मी म्हणालो, हो, तिथेच होतो. तेवढ्यात मास्तरांनी दहा नंबर पुकारला. उत्तेजनार्थ बक्षीस. मी पुढे जाऊन फाउंटन पेन घेतलं.

ती टेप पुढे शेठनी पुसून तिच्यावर प्रवचन भरलं. ते कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. तेही लिहून ठेवतो.

निकालाच्या आधी, त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी पाळीला मी लवकर गेलो होतो. आज ओळ आली की मोठ्याने जबाब द्यायचा असं ठरवून गेलो होतो. पहिली गठाण पडली. आम्ही आकडे रुतवले. ओळ आली नाही. उखर्डू कमरेत वाकला, गठाणीच्या माझ्या बाजूला डोकं काढून माझा आकडा बसलाय का ते डोळ्यांनी बघितलं, परत आपल्या जागी गेला आणि ‘हां’ म्हणाला. आम्ही ओढलं.

दुसऱ्या गठाणीलाही तसंच. तिसरीलाही.

दुपारी भाकरी खाताना मी म्हणालो, भाऊ, काल माझं चुकलं. तो कांदा फोडत होता. म्हणाला, चुकलं नही, तुना हात मोकळा नव्हता. अर्धा कांदा त्याने मला दिला. तो रागावला असता तर मला बरं पडलं असतं.

आमच्या गठाणी दिवसाला पंधरा-वीसने कमी झाल्या. वाकून बघायला तेवढा वेळ जातोच. मुकादमाने विचारलं तर उखर्डूने कंबर दुखते म्हणून सांगितलं. जोडी बदलून देऊ का, असंही मुकादम म्हणाला. उखर्डू नको म्हणाला. मी एक-दोनदा स्वतःच ओळ काढून बघितली. तीही त्याचीच, जुनी. त्याने जबाब दिला, नीट दिला, पण आधी वाकून बघितलं.

असं बारा वर्षं चाललं. गठाणी किती झाल्या याचा हिशोब लाखाच्या पुढे जातो. माझा आकडा एकदाही चुकीचा बसलेला नव्हता. त्याला तो एकदाही चुकीचा सापडला नाही. तरी तो बघायचा.

त्याच्या शेवटच्या पाळीला शेवटची गठाण आली तेव्हा मुकादम आणि छगन बाजूला हार घेऊन उभे होते. मी आकडा रुतवला आणि न राहवून मोठ्याने म्हणालो, ‘हलकं व्हतं.’ ओळ नसताना नुसता जबाब. उखर्डू थांबला. मग साठीची कंबर धरून सावकाश वाकला, माझ्या बाजूला डोकं काढलं, आकडा बघितला, आणि ‘हां’ म्हणाला.